पाऱ्याची अनामत

वृक्ष हवा शुद्ध करतात, हे वाक्य शाळेच्या पहिल्यावहिल्या इयत्तांपासून आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते की, शुद्ध करतात म्हणजे नेमके काय करतात, हवेतून जे काढून घेतात ते पुढे कोठे नेऊन ठेवतात, आणि त्या ठेवीचा जमाखर्च अखेरीस कोणाच्या नावे पडतो, हे प्रश्न विचारण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत ही बेफिकिरी एक वेळ खपून जाते; कारण तो वायू झाडाच्या अंगी लागतो, त्याचे खोड होते, फांदी होते, फळ होते, आणि ते फळ खाणाराला त्यापासून काही अपाय होत नाही. पाऱ्याचा मामला मात्र निराळा आहे. पारा हे मूलद्रव्य. ते कुजत नाही, झिजून नाहीसे होत नाही, आणि कोणत्याही वनस्पतीच्या वा प्राण्याच्या देहाला त्याचा कसलाही ज्ञात उपयोग नाही. भूगर्भातून जो पारा मनुष्याने एकदा वर काढला तो, रूपे पालटीत, हवेतून पानात, पानातून मातीत, मातीतून पाण्यात आणि संधी मिळताच परत हवेत, असा शतकानुशतके हिंडत राहतो. झाडाने तो हवेतून उचलला याचा अर्थ एवढाच की, काही काळापुरता त्याचा मुक्काम हलला. अरण्य पाऱ्याचा नाश करीत नाही. ते त्याची अनामत सांभाळते, आणि ती सांभाळण्याची किंमत त्या अरण्यात राहणाऱ्या जीवांना मोजावी लागते, ही गोष्ट गेल्या दहा-पंधरा वर्षांत निरनिराळ्या खंडांतील संशोधकांनी जी मोजमापे केली त्यांतून हळूहळू उघड होत गेली आहे.

हा व्यवहार जवळून पाहावयाचा तर दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, ब्राझील आणि बोलिव्हिया यांच्या सरहद्दींना लागून असलेल्या माद्रे दे दिओस या प्रांतात जावे लागते. पेरूचे आणि पाऱ्याचे नाते तसे फार जुने आहे. अँडीज पर्वतातील हुआन्काव्हेलिका येथील हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक यांचे ते तांबडेलाल खनिज, इंकांच्याही पूर्वीपासून तेथील लोकांना ठाऊक होते आणि ते त्याचा रंग म्हणून उपयोग करीत. सोळाव्या शतकात त्या मुलखावर स्पॅनिश अंमल बसला, दगडातील चांदी पाऱ्याच्या साहाय्याने वेगळी करण्याची युक्ती राज्यकर्त्यांच्या हाती आली, आणि पोतोसीच्या डोंगरातील अमाप चांदी युरोपात पोहोचवावयाची तर हुआन्काव्हेलिकाचा पारा अखंड मिळत राहिला पाहिजे, असे समीकरण होऊन बसले. मिता नावाच्या वेठीच्या पद्धतीने गावोगावचे मूळ रहिवासी पाळीपाळीने त्या खाणीत धाडले जात, आणि त्यांच्यापैकी इतके जण परतत नसत किंवा कंप पावणारे हातपाय घेऊन परतत की, ‘मृत्यूची खाण’ हे नाव त्या जागेला कायमचे चिकटले. पाऱ्याची विषबाधा म्हणजे काय याचा दाखला त्या काळच्या सरकारी कागदपत्रांतही मिळतो आणि आसपासच्या सरोवरांच्या तळाशी थरावर थर साचलेल्या गाळातही मिळतो. कागदांत काही दडविलेले असणे शक्य आहे. गाळात तसे करता येत नाही.

आजचा कारभार त्या मानाने विस्कळीत आहे. त्याच्या माथ्यावर ना बादशहा, ना व्हाइसरॉय. अँडीजवरून वाहत येणाऱ्या नद्यांनी लक्षावधी वर्षांत माद्रे दे दिओसच्या सपाटीवर जो गाळ आणून टाकला त्यात सोन्याचे अतिशय बारीक कण विखुरलेले आहेत. ते इतके बारीक की, नुसत्या पाण्याने धुऊन सगळे हाती लागत नाहीत. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सोन्याचे भाव चढू लागले, पर्वतापलीकडून ब्राझीलपर्यंत जाणारा महामार्ग त्याच सुमारास या प्रांतातून बांधला गेला, आणि उंच डोंगराळ भागातील दारिद्र्याने गांजलेली माणसे हजारोंच्या संख्येने या रानात उतरली. झाडे तोडावयाची, जमिनीत खड्डा घ्यावयाचा, पंपाने गाळ उपसून उतरत्या पन्हळीवर अंथरलेल्या जाड गालिच्यांवरून तो वाहू द्यावयाचा, म्हणजे जड रेती गालिच्याच्या तंतूंत अडकून राहते. मग तो गालिचा पिंपात झटकून त्या काळ्या रेतीत पारा ओतावयाचा आणि हातांनी, पुष्कळदा पायांनी तुडवून, ती मळावयाची. पाऱ्याला सोन्याचे विलक्षण आकर्षण. रेतीला तो शिवत नाही, परंतु सोन्याचा कण दिसला की त्याला आपल्या पोटात घेतो. उरलेला मोकळा पारा फडक्यात पिळून काढला की, मुठीत मावेल असा रुपेरी, लोण्यासारखा मऊ गोळा शिल्लक राहतो. तो पारदमेलाचा गोळा लोखंडी ताटलीत ठेवून त्यावर गॅसची ज्योत धरली म्हणजे तीनशे सत्तावन्न अंश सेल्सिअसच्या आसपास पारा उकळून वाफ होऊन निघून जातो, रुपेरी रंग पाहता पाहता उतरतो, आणि ताटलीत सच्छिद्र, मळकट पिवळे सोने उरते. गावातील सोने विकत घेणारे दुकानदार हेच सोने पुन्हा एकवार तापवितात, कारण त्यात अजून थोडा पारा अडकलेला असतो आणि पाऱ्याच्या वजनाचे पैसे मोजण्यास कोणताच व्यापारी तयार नसतो. त्यामुळे रानातील पाऱ्याचा काही भाग भर बाजारपेठेच्या हवेत मिसळतो. या प्रांताच्या पुएर्तो माल्दोनादो या राजधानीत प्रौढांचे केस तपासण्यात आले तेव्हा, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांच्यापैकी ७८ टक्के लोकांच्या केसांत आंतरराष्ट्रीय मर्यादेहून अधिक पारा आढळला होता; त्यात मासे खाण्याचा वाटा मोठा असला तरी, हा आकडा त्या प्रांताची अवस्था सांगावयास पुरेसा आहे.

ही अवस्था एकट्या पेरूची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने केलेल्या मोजदादीनुसार २०१५ या एका वर्षात मनुष्याच्या उद्योगांमुळे सुमारे २,२२० टन पारा जगाच्या हवेत गेला, आणि त्यातील सुमारे ३८ टक्के वाटा अशा किरकोळ, हातावरच्या सोनेखाणींचा होता. कोळसा जाळण्याचा वाटा त्याच्या खालोखाल, सुमारे २१ टक्के. धूर ओकणाऱ्या कारखान्यांची चित्रे पाहून प्रदूषणाचा विचार करण्याची सवय जडलेल्या आपल्यासारख्यांना हा क्रम उलटा वाटेल. परंतु तो तसाच आहे. आणि आपले अंग यातून सर्वस्वी मोकळे आहे असेही नाही. अलीकडच्या वर्षांत पेरूहून भारतात जो माल येतो त्यात सोन्याचा हिस्सा सर्वांत मोठा असतो. त्यातले कोणते सोने कोणत्या खड्ड्यातले, हे आपल्या सराफ कट्ट्यावरच्या पेढीत बसून ओळखता येत नाही, कारण एकदा वितळले की सोन्याला पूर्वेतिहास राहत नाही.

आता पाऱ्याची ही वाफ पुढे जाते कोठे? मूलद्रव्याच्या स्वरूपातील पाऱ्याची वाफ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पाऊस तिला सहजी धुऊन खाली आणू शकत नाही. ती सरासरीने पाच-सहा महिने आणि कधी त्याहूनही अधिक काळ हवेत राहते, आणि तेवढ्या अवधीत पृथ्वीप्रदक्षिणा करून येते. उत्तर गोलार्धात कोठेही, कारखान्यांपासून दूर, निर्जन बेटावर जरी हवा तपासली तरी एका घनमीटरात साधारण दीड नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाची दीडपट, एवढा पारा सापडतोच. यावरून असे अनुमान निघे की, माद्रे दे दिओसमध्ये जाळलेला पारा जगभर विखरून जात असेल आणि स्थानिक उपद्रव प्रामुख्याने नदीत सांडलेल्या पाऱ्याचा असेल.

हे अनुमान जॅकलिन गर्सन, एमिली बर्नहार्ट आणि त्यांचे पेरूतील व अमेरिकेतील सहकारी यांनी तपासून पाहिले. त्यांची पद्धत समजण्यास सोपी आणि अमलात आणण्यास अत्यंत कष्टाची होती. खाणींजवळचे आणि खाणींपासून दूरचे, झाडी असलेले आणि झाडी तोडलेले असे निरनिराळे तळ त्यांनी निवडले. प्रत्येक ठिकाणी हवा तपासली. उघड्यावर पडणारे पावसाचे पाणी आणि पर्णछत्रातून गळून खाली येणारे पाणी वेगवेगळ्या भांड्यांत धरले. पाने, जमिनीवरचा पालापाचोळा आणि माती यांचे नमुने घेतले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत अपेक्षेला छेद देणारी गोष्ट अशी होती की, खाणीच्या अगदी कुशीत, परंतु झाडे नाहीशी झालेल्या जागी, हवेत पारा पुष्कळ असूनही पावसाबरोबर जमिनीवर पडणारा पारा थोडाच होता. उलट ज्या ठिकाणी प्राचीन, अभंग अरण्य खाणींच्या जवळ उभे होते, तेथे तो इतक्या प्रचंड प्रमाणात उतरत होता की, जगातील बड्या औद्योगिक प्रदेशांशी त्याची बरोबरी करता यावी. ते ठिकाण होते लोस आमिगोस. हे सुमारे १ लाख ४५ हजार हेक्टरांचे वन २००१ मध्ये पेरू सरकारने एका संवर्धन संस्थेच्या स्वाधीन केले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील सर्वांत जीवसमृद्ध आणि कसोशीने राखलेल्या रानांपैकी ते एक. ज्याने कोणाच्या वाळूला हात लावला नाही, कोणाचे सोने काढले नाही, त्याच रानाच्या वाट्याला सर्वांत अधिक पारा यावा, या वस्तुस्थितीत अन्याय आहे. परंतु निसर्गाच्या दरबारात या फिर्यादीला जागा नाही, तेथे फक्त पानांचे क्षेत्रफळ मोजले जाते. संशोधकांना आढळले तेही हेच: पाने जितकी अधिक, तितका पारा अधिक.

पानांचे क्षेत्रफळ हा शब्दप्रयोग पुढील विवेचनाची किल्ली असल्यामुळे येथे थोडे थांबणे भाग आहे. पानाच्या त्वचेवर, विशेषतः खालच्या अंगाला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य पर्णरंध्रे असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंस एकेक रक्षक पेशी असते. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैलावल्या की मिटते. कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी झाडाला हे दरवाजे उघडावेच लागतात, आणि दरवाजा उघडला म्हणजे हवेत जे असेल ते सर्वच आत शिरते. पाऱ्याची वाफ अशीच, कोणी न बोलावता, आत येते. पानाच्या आतील ओलसर पोकळीत तिचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे मोकळ्या धातूचा भारित अणू होतो, आणि तो भारित अणू पेशींतील प्रथिनांच्या ज्या भागी गंधक असते तेथे घट्ट जाऊन बसतो. गंधकाचे आणि पाऱ्याचे सख्य पुराणे आहे. हिंगूळ म्हणजे तरी त्याच सख्याचे पाषाणरूप, आणि आपल्या रसशास्त्रातील कज्जलीही पारा व गंधक एकत्र खलूनच होते. थोडा पारा सूर्यप्रकाशामुळे पानातून पुन्हा निसटतो. परंतु बराचसा अडकतो, आणि पान जितके वयस्क होत जाते तितका त्याच्यातील साठा वाढत जातो. कोवळ्या पालवीपेक्षा जून पानात, आणि वर्षाकाठी गळणाऱ्या पानापेक्षा सूचिपर्णी वृक्षाच्या तीन-चार वर्षे टिकणाऱ्या पानात पारा अधिक सापडतो तो यामुळेच. याशिवाय धूळ, राख आणि धूर यांच्या कणांवर बसून आलेला पारा पानांच्या, सालीच्या व शेवाळाच्या खडबडीत पृष्ठभागावर नुसता चिकटून राहतो, आणि पावसाच्या सरीबरोबर धुऊन खाली उतरतो. गर्सन यांच्या भांड्यांत जो पारा जमा झाला त्यात या दोन्ही वाटांनी आलेला माल होता. मुळांची वाट मात्र जवळजवळ बंद असते: मातीतील पारा मुळांच्या बाहेरच्या आवरणातच बहुतांशी अडतो आणि खोडात चढत नाही, आणि या एका वैशिष्ट्याचे महत्त्व लेखाच्या शेवटाकडे ध्यानात येईल.

पानांतून हवेतील पारा जमिनीत जातो ही गोष्ट काही केवळ पेरूच्या रानापुरती नाही, याचे पुरावे अगदी भिन्न हवामानांतून मिळाले आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हार्वर्ड विद्यापीठाचे एक प्रयोगवन आहे. तेथे वृक्षांच्या माथ्याहून उंच मनोऱ्यावर उपकरणे बसवून डॅनियल ओब्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी पानांच्या वर पारा किती वाहतो आणि किती खाली ओढला जातो याची सलग मोजणी केली, तेव्हा वातावरणातून त्या वनात येणाऱ्या एकूण पाऱ्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश पारा पावसाने नव्हे तर वायुरूपाने, म्हणजे वनस्पती व माती यांनी थेट शोषून घेतल्याने, येतो असे २०२१ मध्ये त्यांनी दाखवून दिले. त्याआधी अलास्कातील टुंड्रा प्रदेशात, जेथे गुडघ्यापेक्षा उंच झुडूप क्वचितच दिसते, तेथेही खुरट्या वनस्पतीच हवेतील पारा जमिनीत पोहोचवितात असा निष्कर्ष त्यांनीच काढला होता. हे ओळखण्यास पाऱ्याच्या समस्थानिकांचे साहाय्य होते. पाऱ्याचे सात स्थिर समस्थानिक आहेत. पावसातून आलेल्या आणि पानातून आलेल्या पाऱ्यात त्यांचे प्रमाण किंचित निराळे पडते, आणि या किंचित फरकावरून मातीतील पारा कोणत्या रस्त्याने आला याची रुजुवात घालता येते. आणखी एक पुरावा तर साऱ्या उत्तर गोलार्धाच्या हवेत लिहिलेला आहे. वसंतात पालवी फुटते, उन्हाळाभर पाने काम करतात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षातील नीचांकाला येतो हे आपण पूर्वीपासून जाणतो. स्वित्झर्लंडमधील मार्टिन यिस्क्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखविले की, वाफरूप पाराही त्याच तालावर वर्षाकाठी चढतो-उतरतो. ऋतुचक्रातील हा चढउतार पूर्वी कारखाने आणि रसायनांच्या हिशेबाने समजावून सांगण्याचा प्रयत्न होत असे. पानांचा हिशेब मांडल्यावर तो सुटला.

येथपर्यंतचा वृत्तांत वाचून कोणासही वाटेल की, चला, रान आपले काम चोख करते, हवा तेवढीच निवळते. हवा निवळते हे खरे. परंतु अनामत कोठे ठेवली जाते ते पाहू. पान गळते, पालापाचोळा कुजतो, आणि पारा मातीतील सेंद्रिय द्रव्याला चिकटून वर्षानुवर्षे तेथेच पडून राहतो. माती कोरडी व मोकळी असेल तोवर त्याचा उपद्रव मर्यादित असतो. जेथे पाणी साचते, दलदल असते, प्राणवायू पोहोचत नाही, तेथे मात्र काही जातींचे जीवाणू त्याच्यावर अशी प्रक्रिया करतात की, त्याचा मिथाइल पारा होतो. हे काम कोणते जीवाणू करू शकतात याचे रहस्य दोन जनुकांत असल्याचा शोध २०१३ मध्ये अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेतील संशोधकांनी लावला. मिथाइल पारा हे या साऱ्या कथेतील खरे विष. धातूरूप पारा गिळला तर तो पचनमार्गातून जवळजवळ तसाच बाहेर पडतो, परंतु मिथाइल पारा रक्तात शिरतो, मेंदूपर्यंत जातो, गर्भापर्यंत जातो. आणि एका जीवाने दुसऱ्याला खाल्ले की त्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढत जाते. १९५६ मध्ये जपानमधील मिनामाता गावी मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या मुलाबाळांत जो विलक्षण रोग प्रकट झाला त्याच्या मुळाशी हेच द्रव्य होते, आणि पाऱ्यावर नियंत्रण आणणारा जो आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला व २०१७ पासून अमलात आला त्याला त्या गावाचे नाव देण्यात आले आहे. भारताने तो २०१८ मध्ये संमत केला.

मासा ही पाऱ्याची प्रसिद्ध वाट आहे. रानातील वाट कमी प्रसिद्ध. पालापाचोळ्यातील सूक्ष्म जीवांकडून किड्यांकडे, किड्यांकडून कोळ्यांकडे, आणि कोळी टिपणाऱ्या लहान पाखरांकडे हा पारा पाण्याचा थेंबही न ओलांडता जाऊ शकतो. लोस आमिगोसमधील गाणाऱ्या पक्ष्यांची पिसे तपासली असता त्यांत, खाणींपासून फार दूर असलेल्या कोचा काशू या संशोधनतळावरील त्याच जातींच्या पक्ष्यांहून कितीतरी अधिक पारा आढळला. याचा अर्थ असा की, रानाभोवती कुंपण घातले, शिकारी बंद केल्या, कुऱ्हाडीला मज्जाव केला, तरी वाऱ्याबरोबर येणारा ऐवज अडविता येत नाही. उलट रान जितके चांगले राखावे तितका तो अधिक जमा होतो. त्यातच खाणकामाच्या खड्ड्यांत पाणी साचून जी असंख्य तळी बनली आहेत, त्यांतील गढूळ स्थिर पाणी मिथाइल पारा तयार होण्यास फारच सोयीचे. १९८५ ते २०१८ या अवधीत माद्रे दे दिओसच्या दाट खाणी असलेल्या खोऱ्यांत अशा तळ्यांचे क्षेत्रफळ ६७० टक्क्यांनी वाढल्याचे उपग्रहांच्या छायाचित्रांवरून मोजले गेले आहे.

मग रानच नको, असा तर्कट निष्कर्ष कोणी काढू नये. कारण अनामत मोडली की ती धन्याकडे परत जात नाही, ती पुन्हा हवेत जाते. वाळलेले पान आणि पालापाचोळा पेटला की त्यातील पारा जवळजवळ सर्वच्या सर्व उडून जातो, हे प्रयोगशाळेतील भट्टीत सिद्ध झालेले आहे; आणि आग तीव्र असेल तर मातीच्या वरच्या थरातलाही उडतो. झाडे तोडून जमीन उघडी केली तर ऊन आणि धूप तेच काम सावकाश करतात. शिवाय पुढे दरवर्षी जो पारा ती पाने हवेतून उचलीत, तो उचलणारे कोणी उरत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आर्ये फाइनबर्ग, नोएल सेलिन आणि सहकारी यांनी २०२४ मध्ये संगणकावर हा जगाचा ताळेबंद मांडला. जंगलतोडीमुळे वर्षाला सुमारे २०० टन पारा, म्हणजे मनुष्यकृत उत्सर्जनाच्या जवळजवळ दहावा हिस्सा, हवेत पडतो. जगातील जमीन जेवढा पारा शोषून घेते त्यातील सुमारे ३० टक्के काम एकटे ॲमेझॉनचे खोरे करते. आणि नव्याने वनरोपण केले तर ही शोषणशक्ती फार तर पाच टक्क्यांनी वाढवता येईल, असे त्यांचे गणित आहे. मला या आकड्यांतील शेवटचा आकडा सर्वांत बोलका वाटतो. कारखानदारांना आणि सरकारांना झाडे लावण्याचे समारंभ प्रिय असतात, कारण त्यात कोणालाही काही बंद करावे लागत नाही. तथापि पाऱ्यापुरते पाहिले तर उभे रान न तोडण्याला जे मोल आहे त्याच्या पासंगालाही रोपट्यांचा समारंभ पुरत नाही, आणि मुळात पारा जाळण्याचे थांबविल्याखेरीज या दोन्हींचा उपयोग अपुराच.

आपल्याकडे हा प्रश्न दोन निरनिराळ्या रूपांत दिसतो. एक रूप तमिळनाडूतील कोडाइकनालचे. तेथे शोला नावाच्या डोंगरी रानाला लागून तापमापके बनविण्याचा एक कारखाना १९८० च्या दशकात निघाला आणि पारा लागलेल्या फुटक्या काचा गावातील भंगारवाल्याकडे सापडल्यानंतर २००१ मध्ये तो बंद पडला. हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी नंतर त्या परिसरातील झाडांवरचे दगडफूल आणि शेवाळ तपासले, आणि त्यांत साठलेल्या पाऱ्यावरून कारखान्याची हवा कोठवर पोहोचली होती ते दाखवून दिले. दगडफूल म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे तेच. त्याला मुळे नसतात, त्यामुळे त्याच्या अंगात जे काही सापडेल ते हवेतून आणि पावसातूनच आलेले असणार. दुसरे रूप अधिक व्यापक आणि कमी नाट्यमय आहे: कोळशाचे. दगडी कोळशात पाऱ्याचा अंश अत्यल्प, परंतु जाळला जाणारा कोळसा अमाप. म्हणूनच केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील पाऱ्यालाही मर्यादा घालून दिली. २,९२० मेगावॉट क्षमतेचे चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र आणि ताडोबा-अंधारीचे व्याघ्ररान हे एकाच जिल्ह्यात आहेत. ते रान सदाहरित नव्हे. सागाची व इतर झाडांची पाने माघ-फाल्गुनात गळतात, आणि विदर्भातील अनेक रानांत मोहफुले वेचावयास जमीन मोकळी व्हावी किंवा तेंदूला नवी पालवी जोरात फुटावी म्हणून पाचोळ्याला काडी लावण्याची चाल जुनी आहे. वर्षभर पानांनी जे हवेतून गोळा केले असेल ते अशा एका वणव्यात धुराबरोबर परत जाते, एवढे तरी भट्टीतल्या त्या प्रयोगांवरून निःशंकपणे म्हणता येते.

मुळांची वाट बंद असते असे मी वर म्हटले, त्याचा उपयोग आता सांगतो. खोडातील लाकडात जो थोडासा पारा सापडतो तो मुळांतून चढलेला नसून पानांतून, साखरेच्या रसाबरोबर, खाली उतरलेला असतो. म्हणजे ज्या वर्षी लाकडाचे जे वलय बनले त्या वलयात त्या वर्षाच्या हवेची नोंद पडते. समशीतोष्ण हवामानाच्या प्रदेशांत ही पद्धत पूर्वीपासून वापरली जात होती. उष्ण कटिबंधात अडचण अशी की, बारमाही पाऊस आणि ऊब असल्यामुळे पुष्कळ झाडांत वर्षाची वलये स्पष्ट उमटतच नाहीत. गर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माद्रे दे दिओसमध्ये ज्या झाडावर भिस्त ठेवली ते फायकस इन्सिपिडा, म्हणजे आपल्या वड, पिंपळ आणि उंबराच्याच कुळातले एक झाड. पोकळ गिरमिटाने खोडाच्या गाभ्यापर्यंत भोक पाडून बोटाहून बारीक अशी लाकडाची सळी बाहेर काढावयाची, झाडाला फारशी इजा न होऊ देता. मग तिच्यावरील वलये मोजून, वर्षांचे तुकडे करून, प्रत्येकातील पारा मोजावयाचा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खाणींच्या गावांजवळील झाडांत, दूरच्या झाडांच्या तुलनेने, पारा अधिक होता, आणि २००० सालानंतरच्या वलयांत तो वाढत गेलेला होता. महाग उपकरणे, अखंड वीज आणि प्रशिक्षित माणसे या तिन्हींचा जेथे तुटवडा आहे, आणि जेथे सरकारी तपासनीसाला पाहून खाणवाले रातोरात पसार होतात, अशा मुलखात तीस-चाळीस वर्षांची सलग नोंद बाळगणारे झाड म्हणजे खात्रीचा साक्षीदार होय, आणि त्याची जबानी घेण्यास एक गिरमिट आणि एक चांगली प्रयोगशाळा पुरते.

आपल्या सागात वर्षाचे वलय ठळक उमटते. मोसमी पावसाचा जुना इतिहास वाचण्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी मध्य भारतातल्या आणि केरळातल्या सागाच्या सळ्या अनेक वर्षांपासून तपासलेल्या आहेत, आणि पावसाच्या कमीअधिक वर्षांचा पत्ता त्यांतून लागतो. पाऱ्यासाठी त्याच सळीचा उपयोग करावयाचा तर प्रथम हे पाहावे लागेल की, सागाच्या ओल्या लाकडातून गाभ्याकडे पारा सरकत नाही ना. कारण पाइनसारख्या काही वृक्षांत तो एका वलयातून शेजारच्या वलयात झिरपतो आणि वर्षांची नोंद पुसट करून टाकतो. त्या परीक्षेला साग उतरला, तर चंद्रपुरातील चिमण्या पेटल्यापासूनचा पाऱ्याचा हिशेब मागण्यासाठी पेरूपर्यंत जाण्याचे कारण उरणार नाही. वनखात्याचा परवाना, धारदार गिरमिट आणि वयाने पन्नाशी ओलांडलेले दहा-वीस साग एवढ्यावर काम भागेल.